एका किडनीवर भागतं

१ जानेवारी
संकल्प: दादाला किडनी द्यायची. जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. वहिनी रडायलाच लागली. दादा ताटाकडे बघत राहिला. मी म्हटलं, अरे, हा माझा रोजचा धंदा आहे. लॅबमधल्या उंदरांची एक अख्खी किडनी आणि दुसरीचा बराचसा भाग मीच काढतो. उरलेल्या तुकड्यावर ते जगतात. पाणी जास्त पितात, लघवी जास्त करतात, एवढंच. माणसाचं तर एका किडनीवर आरामात भागतं.
सोमवारी तपासणी. शुभस्य शीघ्रम्.

५ जानेवारी, सोमवार
गेलो नाही. उंदरांची नवी बॅच आली. प्रत्येकाला वेगळा पिंजरा, वर पाण्याची बाटली, खाली लघवीची नळी. किती प्यायले, किती बाहेर पडलं, सगळं मोजायचं. असलं काम दुसऱ्यावर सोडता येत नाही. रविवारी शिपाई करतो, पण रविवारची गोष्ट वेगळी.

१६ जानेवारी
एकदाचा गेलो. रक्तगट जुळला. आनंद झाला. फार आनंद झाला.
पुढच्या तपासण्यांना बायको आडवी येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, मग सुट्टी टाका ना. हल्ली नवऱ्याची काळजी म्हणून कुणाला राहिलेली नाही.

२७ जानेवारी
डायलिसिस असल्यामुळे दादाला दिवसभरात एकच छोटी बाटली पाणी. त्याला लघवी होतच नाही. प्यायलेलं अंगात साठतं, पाय सुजतात, धाप लागते. मी लॅबमधलीच एक बाटली आणली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून रेघा आखून दिल्या: सकाळ, दुपार, रात्र. काम शास्त्रशुद्ध झालं.
दादा बर्फाचा खडा चोखत म्हणाला, तुझ्या उंदरांची चैन आहे लेका, हवं तेवढं पितात. सगळे हसलो. वहिनी सोडून.
उद्या नक्की.

२८ जानेवारी
सर्दी. नाक गळत असताना तपासणीला जाणं म्हणजे डॉक्टरांचा वेळ खाणं.

११ फेब्रुवारी
एक उंदीर टेबलावरच गेला. असे अधूनमधून जातात, ते हिशेबात धरलेलेच असतात. डबा मात्र तसाच परत आणला. भीती वगैरे नाही. भाजी खारट होती.
सर्दी अजून आहे.

२ मार्च
आज तुलनेसाठीचे उंदीर. त्यांचं पोट उघडायचं, किडनीला नुसता हात लावायचा आणि काही न काढता परत शिवायचं. दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, बरंय की, ऑपरेशनचं नाव होतं आणि किडनीही राहते. मग पोट धरून हसला. हसता हसता धाप लागली.
पहिल्यापासून टोचून बोलतो. त्यात रक्तात घाण साठली की माणूस चिडचिडा होतोच, त्याचा दोष नाही. माझ्या सर्दीची मात्र चौकशी नाही.

१९ मार्च
दादाला ॲडमिट केलं. इन्फेक्शन. बरा होऊन घरी आला की लगेच माझ्या तपासण्या. आता कुणाची सबब ऐकून घेणार नाही, माझीसुद्धा.

२३ मार्च
चांगली बातमी! डॉक्टरांनी पाण्याचं बंधन काढलं. वहिनीला म्हणाले, आता मागतील तेवढं द्या. म्हणजे शरीर पाण्याचा तोल सांभाळायला लागलं असणार. उंदरांत असं कधी पाहिलेलं नाही, पण माणूस म्हणजे काही उंदीर नव्हे. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला बिचारीला सायन्स कळत नाही.
किडनीची एवढी घाई दिसत नाही. जिवाला जरा बरं वाटलं.

२४ मार्च
दादा गेला.

२८ मार्च
वहिनीने बाटली परत दिली. म्हणाली, भावजी, तुमच्या लॅबची आहे. आतलं पाणी तसंच होतं. सवयीने रेघ बघितली. मागेल तेवढं द्यायचं होतं आणि सकाळच्या रेघेपर्यंतसुद्धा उतरलेलं नव्हतं.
नाक गळतंय. सर्दी नाही.