चिमीच्या झाडापाशी

अहो,

पहाटे कुठे तुमचा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. मी कोपऱ्यावर जातेय. चिमी गेल्यावर आपण लावलेलं झाड आज रस्ता रुंद करायला तोडतायत. काल बागेच्या मुकादमाचा फोन आला होता. चाचरत म्हणाला, "वहिनी, गेल्या महिन्यात नगरपालिकेच्या सभेत आपल्या साहेबांनीही रस्त्याच्या बाजूनेच हात वर केला."

महिनाभर तुम्ही हे पोटात ठेवलंत. मला आपलं वाटत होतं, गोळ्यांमुळे तुमचं अन्नावरचं मन उडालंय. अहो, तुमच्या जागी मी नगरसेवक असते, तरी हातच वर केला असता. त्याच अरुंद बोळात अ‍ॅम्ब्युलन्स अडकली आणि आपली पोर हातची गेली. दुसऱ्या कुणाच्या लेकरावर ती वेळ यायला नको.

पण झाडाला परक्यांच्या हाती एकटं सोडवत नाही. म्हणून जातेय, भांडायला नाही.

जेवण झाकून ठेवलंय, दोन घास तरी खा. मग वाटलं तर या. आलात तर साहेबलोकांत उभे राहू नका. माझ्याजवळ या.