लातूरच्या खोलीची गोष्ट

माय, तू आज असतीस तर तुझं काही खरं नव्हतं. आता सगळं जगच सल्ले देत सुटलंय. सकाळी फोन उघडला की एक जण सांगतो कोमट पाण्यात काय पिळून प्यायचं, दुसरी बाई सांगते सुनेशी कसं बोलायचं, तिसरा कुणी टाय लावून सांगतो की श्वास कसा घ्यायचा. शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या आपल्या गावात हे सगळं काम तू एकटी बघायचीस. अंगणवाडीत लेकरांची वजनं करता करता त्यांच्या आयांना तू काय काय सांगून मोकळी व्हायचीस. नव्या माठातलं पहिल्या तीन दिवसांचं पाणी पिऊ नये. एसटीत मागच्या चाकावर बसू नये. टीव्हीपुढं बसलेल्या लेकराला भरवू नये, पोट भरलेलं त्याला कळत नाही. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता येत नसेल तर दुकानदाराला मोठ्यानं वाचायला लावावी. एकदा निलंग्याच्या बसमध्ये तू कंडक्टरला त्याच्या खोकल्यावर काढा सांगितलास आणि त्यानं तो तिकिटाच्या मागं लिहून घेतला. मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. तुझी लाज वाटायची सवय मला तेव्हापासूनची.

तुझे बाकीचे सल्ले लोकांनी घेतले, सोडले. दोन मात्र तू आपल्या वस्तीत कुणाला सोडू दिले नाहीस. एक होता कपाचा. "ज्या घरी च्या पिऊन आपलाच कप आपल्याला धुवाया लागतो, त्या घरचा च्या पिऊ न्हाई. तहान लागली तर आपल्या घरी यावं." तू गावातल्या मोठ्या घरी पोलिओच्या डोसासाठी जायचीस, ओसरीवर कोपऱ्यात ठेवलेला कान तुटलेला कप पुढं यायचा आणि तू हसून म्हणायचीस, आत्ताच घेतला की. दुसरा सल्ला खोलीचा. वस्तीतली पोरं अकरावीला लातूरला निघाली की तू त्यांना ओट्यावर बसवायचीस. "आडनाव इचारलं तर सांगायचं. जात इचारली तर तीबी सांगायची. आपण बौद्ध हाव, चोर न्हाई. एक खोली न्हाई मिळाली तर दुसरी मिळंल. खोटं बोलून घेतल्याल्या खोलीत अभ्यास व्हत न्हाई." पोरं मान हलवायची. मीही हलवली होती, त्यांच्यात बसून.

लातूरला मला तीन घरांतून परत पाठवलं. पहिल्या दोघांनी आडनाव ऐकून गाव विचारलं, गाव ऐकून वस्ती विचारली आणि मग खोली कालच गेली म्हणाले. तिसऱ्यानं तर काही न विचारताच नकार दिला, तो बिचारा कदाचित खरंच बोलत असेल. चौथ्या घरी एक बाई होत्या, नवरा वारलेला, मुलगा बाहेरगावी नोकरीला. त्यांनी पाणी दिलं, ट्यूशन कुठली लावली ते विचारलं. मग आडनाव. आपलं आडनाव दोन्हीकडं सापडतं, वस्तीतही आणि मोठ्या घरांतही, तुला माहीतच आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातलेच की?" आणि मी म्हणालो, "हाव."

एवढंच. त्यापुढं मला एकही शब्द खोटा बोलावा लागला नाही, त्या एका शब्दानं दोन वर्षं काम केलं. निघताना तू मला निळ्या कोटातला तो छोटा फोटो दिला होतास, खिळ्यासकट. तो मी पेटीत, स्वेटरच्या खाली ठेवला. सुट्टीत गावाकडं आलो की तू विचारायचीस, "फोटो कुठल्या भिंतीला लावलास?" मी म्हणायचो, दाराच्या समोरच्या.

आणि मग तू एका रविवारी न कळवता आलीस. मी अंगणातल्या नळावर शर्ट धूत होतो, बाई बाजेवर तूर पसरून निवडत होत्या. फाटक वाजलं. तू उभी, हातात डबा, पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, चेहऱ्यावर दोन तासांच्या एसटीची धूळ आणि तरीही हसू. कुणाच्याही दारात तू पाऊल टाकायच्या आधी तुझा जयभीम आत पोचलेला असायचा. तुझं तोंड उघडलेलं मी पाहतोय. मी नळापाशी उभा आहे, हातातून पाणी गळतंय, आणि मी मान हलवतोय. जरा, अगदी जराशी. नको.

तू तोंड मिटलंस. मग दोन्ही हात जोडून म्हणालीस, "नमस्कार ताई."

बाईंना काय कळणार. त्या उठल्या, "या की, पोराची आई न्हवं तुमी? अवो, बाहेर कुटं बसता, आत या, परकं हाय का घर?" असं म्हणत तुला हाताला धरून सैपाकघरात घेऊन गेल्या. पाट दिला. चहा ठेवला. पाव्हणे कुठले, सोयरे कुठले ते विचारलं, तर तू म्हणालीस, "हायत की ताई, चहूकडं हायत." त्यांच्या फळीवर लोणच्याची काचेची बरणी होती, तिच्यात वरच्या थरावर पांढरी बुरशी धरलेली मला दारातून दिसत होती, म्हणजे तुला ती दिसलीच असणार. एरवी तू ती बरणी खाली काढायला लावली असतीस, वरचा थर काढून तेल गरम करून कसं ओतायचं ते सांगितलं असतंस. त्या दिवशी तू बरणीकडं पाठ केलीस. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेऊन बसलीस. चहा संपवलास, उठलीस, आणि मोरीशी जाऊन आपला कप धुतलास.

"राहू द्या की वो, मी धुती," बाई म्हणाल्या. तू तो दोनदा विसळलास, पालथा घातलास, हात पदराला पुसलेस. तुला कुणी धुवायला सांगितला नव्हता, माय. तिथं तो कान तुटलेला कप नव्हता, त्यांच्या घरातला चांगल्यातला कप होता. माझ्यामुळं तू तो धुतलास. अजूनही चहा पिताना मधेच ते आठवतं आणि कप तसाच खाली ठेवला जातो.

बसस्टँडपर्यंत आपण चालत गेलो. तुझ्या रागाची मी वाट बघत होतो. तू रागावली असतीस तर मी दोन दिवस रडून मोकळा झालो असतो. तू म्हणालीस, "खोली चांगली हाय. हवा येती." मग बरंच पुढं गेल्यावर, "ताई बी चांगल्या हायत. वाईट असत्या तर मला येवढं वाटलं नसतं." गाडी लागली. तू चढलीस, खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावरून फिरवलास, आणि म्हणालीस, "आता तू शिकल्याला हायस. तुला काय सांगायचं."

मला वाटलं होतं, ते बोलायचं म्हणून बोललीस. नाही. तू तो शब्द मरेपर्यंत पाळलास. माझ्या नोकरीत, लग्नात, नांदेडला घर घेताना, मी तुला विचारायचो, माय, दुसऱ्या मजल्यावरचं घ्यावं का तळाचं? तू म्हणायचीस, "तुला जसं बरं वाटंल तसं." त्याच संध्याकाळी सुनेला मात्र सांगायचीस की गॅसची नळी वर्ष झालं की बदल, फ्रीजमधी शिळं वरण तिसऱ्या दिवशी ठेवू नको, नवरा चिडला की त्याला आधी खायला दे मग बोल. शेजाऱ्यांना, भाजीवालीला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सल्ले. मी समोर बसलेलो असायचो, कोरडा. बायको म्हणायची, तुमच्या आईंचा तुमच्यावर किती विश्वास आहे, तुम्हाला काही सांगावंच लागत नाही.

मग तू गावाकडं असलीस की बोलता यावं म्हणून मी तुला बटणाचा मोबाईल घेऊन दिला. तुझी त्यावरही मतं तयार. चार्जिंगला लावून बोलू नये. मिस कॉल देणाऱ्याला गरज त्याची असते, त्याला पुन्हा लावू नये. समोरचा कोण ते कळल्याशिवाय घरात कोण कोण आहे ते सांगू नये. हे शेवटचं आज बँका मेसेज पाठवून शिकवतात. फोन उचलला की तुझा जयभीम ठरलेला. मी ऑफिसात असलो की तुझ्या जयभीमला "हं, बोल" म्हणायचो, हळू आवाजात. भोवती माणसं असायची. महिनाभरात तुझ्या ध्यानात आलं असावं, कारण मग माझा फोन आला की तू नुसतं "हॅलो" म्हणू लागलीस. मला वाटलं, शहराची हवा लागली म्हातारीला. एकदा गावाकडं आलो तेव्हा तुझ्यामागं उभा होतो आणि तू धडाधड पाच जणांचे फोन घेतलेस, पाचही जणांना खणखणीत जयभीम. हॅलो फक्त माझ्यासाठी ठेवलेलं होतं. मी चप्पल घालून उगाच चौकापर्यंत जाऊन आलो.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू नर्सला सलाईनचा हात कसा टेकवायचा ते समजावत होतीस. मला म्हणालीस, "जेवलास का?" त्याला आता चौदा वर्षं झाली.

हे सगळं आज काढायचं कारण तुझी नात. ती पुण्याला नोकरीला लागली, माय. खोली शोधत होती. आता कुणी तोंडावर जात विचारत नाही, लोक सुधारलेत. आता फोनवरच्या एका जागेत घरांचे फोटो असतात, खाली मालकाचा मेसेज येतो: व्हेज की नॉनव्हेज? मग: मूळ गाव? मग: पूर्ण नाव पाठवा. तीन प्रश्नांत काम होतं, चेहराही दाखवावा लागत नाही. दोन घरं गेल्यावर तिनं मला फोन केला. म्हणाली, "पप्पा, मी काय सांगू? तुम्हाला लातूरला विचारायचे का असं?"

मी तिला तुझा सल्ला सांगितला. सरळ सांगायचं, एक नाही मिळाली तर दुसरी मिळेल. तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग तुम्ही तसंच सांगितलंत?" आणि मी म्हणालो, "हो, सांगितलं की." तिचा आवाज एकदम खुलला, म्हणून मी आणखी सांगितलं. म्हणालो, तुझी आजी एका रविवारी आली आणि फाटकातूनच जयभीम म्हणाली. घरमालकीण बाई चपापल्या, मग हसल्या, आजीला सैपाकघरात नेऊन त्यांनी चहा पाजला, आणि आजीनं त्यांचं बुरसटलेलं लोणचं दुरुस्त करून दिलं. लोणचंसुद्धा घातलं मी त्यात. खोटं इतकं छान जमलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि पोरीला वाटलं, पप्पा आजीच्या आठवणीनं रडतायत.

तिनं ते लिहिलं. तुझा तो अंगणवाडीच्या दारातला फोटो लावून तिच्या फोनवर टाकलं. हजार माणसांनी ते पुढं धाडलं म्हणतात, मी मोजलं नाही. फिरत फिरत ते आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आलं, आणि गेल्या रविवारी विहारात वंदनेनंतर मला उभं करून सांगायला लावलं. मला नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हणून सांगितलं असतं तरी भागलं असतं. मी उभा राहिलो आणि सांगितलं, आणि या खेपेला बाईंनी तुला निघताना साडीचोळीही केली. बाया डोळे पुसत होत्या. एक म्हातारा गृहस्थ माझा हात धरून म्हणाला, "अशी माय पायजे, अन् असं पोरगं पायजे." मला धरणी दुभंगावी असं वाटलं, आणि तरी मी त्याला हात जोडले.

तुझी नात आता सगळीकडं सरळ सांगते. त्यापायी तिची आणखी दोन घरं गेली. ऑफिसपासून दीड तासावर एका खोलीत राहते, पाणी एक दिवसाआड येतं, आणि फोनवर मला म्हणते, "काही नाही पप्पा, तुम्ही दोघांनी त्या काळात केलं, मला काय झालं." दोघांनी, म्हणते. तिचं चुकत नाहीये. सरळ सांगणं बरोबरच आहे, ते तुझं आहे. पण मी ज्या परीक्षेला बसलोच नाही, तिच्यात पास झालो असं समजून ती माझ्यामागं चालतेय. एखाद्या दिवशी ती थकेल, एखाद्या चांगल्या बाईंपुढं तिच्या तोंडून माझ्यासारखंच "हाव" निघेल, आणि मग घरात आपण एकटीच भित्री निघालो असं तिला वाटेल. त्या दिवशी तिला मला फोन करता येणार नाही. ते दार मी माझ्या हातानं बंद केलंय.

लोक मला विचारतात, मुलांना मोबाईल किती वेळ द्यावा, पैसे कशात ठेवावे, भाडेकरू कसा पारखावा. मी सांगतो, शांतपणे, तुझेच शब्द जरा धुऊन पुसून. तुला मात्र आज विचारावंसं वाटतं, की पोरीला हे कसं सांगायचं, फोनवर की समोर बसवून, जेवणाआधी की नंतर. आणि मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. तुला जसं बरं वाटंल तसं.

तीन पानं झाली. तुला यातलं काहीच नवीन नाही, फाटकातच तुला सगळं कळलं होतं. हे जिला कळायला हवं ती पुण्यात आहे, आणि तिचा पत्ता मला पाठ आहे. मी तुला लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी, की तुला लिहिलेलं टपालात टाकावं लागत नाही.