पेशंटने अजून उत्तर दिलेलं नाही

ती. ओरिसियाताईंना नेस्टरचा, कंबर साथ देईल तितका वाकून, नमस्कार.

ख्रिस्त जन्मला. (नाताळच्या या अभिवादनाचं ठरलेलं उत्तर तुम्ही वाचता वाचता मनात द्यालच. माझ्याशी बोलत नसलात तरी त्याचा राग ख्रिस्तावर काढणाऱ्यातल्या तुम्ही नाही.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात सर्व म्हणजे आम्ही दोघं, आणि त्यातली एक सध्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात आहे. घाबरू नका, धोका टळलेला आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या यॉर्कटनला यंदा बर्फ फार, असं रेडिओवर ऐकलं. मांजर अजून आहे ना? नसल्यास माझं सांत्वन पोचलं असं समजावं.

सहा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला चर्चच्या हॉलमध्ये तुम्ही माइक हातात घेतलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात की धाकट्या बहिणीचा आवाज तुम्ही शेवटचा ऐकला तो लग्नात 'हो' म्हणताना, त्यानंतर नेस्टरचाच ऐकताय. लोक हसले. मीही हसलो, कारण समोर कॅमेरा होता. घरी आल्यावर मी स्टेफाला सरळ विचारलं की हे खरं आहे का, आणि मुळीच नाही असं तिच्या वतीने मीच सांगितलं. तिथे तो विषय संपला. म्हणजे संपला असं मी या महिन्यापर्यंत धरून चाललो होतो.

तर झालं असं, की नाताळच्या आदल्या संध्याकाळी कोबीच्या पानांच्या गुंडाळ्यांचं पातेलं घेऊन शेजारी निघालेली स्टेफा आमच्या मागच्या पायरीवर घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आता तुम्ही म्हणाल, गावच्या हॉलमधला, कर्लिंगचे दगड घसरवत खेळायचा बर्फ इतकी वर्षं काचेसारखा राखणारा माणूस स्वतःच्या पायरीवर मूठभर मीठ टाकू शकत नाही का? हे मी स्वतःला आधीच म्हणून घेतलं आहे, तेव्हा तुम्ही तसदी घेऊ नये. शिवाय हॉलमधला बर्फ आणि पायरीवरचा बर्फ हे दोन वेगळे विषय आहेत. (पातेल्याला काही झालं नाही. स्टेफाने पडताना ते वर धरलं होतं.) अँब्युलन्स आली, तीन तासांचा रस्ता कापून आम्ही शहरात पोचलो, ऑपरेशन झालं, आणि ते छान झालं असं सगळे म्हणाले. इथपर्यंत सगळं मला समजत होतं.

इथून पुढचं मला अजून नीट समजलेलं नाही. इथे रोवेना नावाची एक नर्स आहे. मूळची फिलिपीन्सची, पण आपल्याकडचे इतके हिवाळे तिने काढलेत की उणे तीसला ती नुसतं "आज गार आहे" म्हणते. उंचीने माझ्या खांद्याला लागेल, आवाज गोड, आणि मला सर म्हणते. सुरुवातीला मला बरं वाटलं. हॉलमध्ये मला कोणी सर म्हणत नाही. (जे म्हणतात ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही.) पुढे लक्षात आलं, की ती सर म्हणाली की थोड्या वेळाने मी खोलीबाहेर असतो. पहिल्याच सकाळी तिने स्टेफाला विचारलं, झोप लागली का. मी म्हटलं, आम्हाला उत्तम झोप लागली. तर म्हणाली, आम्हाला म्हणजे कोणाला, सर? आता मी रात्री मोटेलात झोपलो होतो, त्यामुळे प्रश्न रास्त होता, पण असं कोणी तोंडावर विचारतं का? मग ती म्हणाली, बाहेर उणे पस्तीस आहे, गाडीची वायर लावलीत ना? ओरिसियाताई, हा प्रश्न ऐकून जागेवर बसून राहील असा पुरुष आपल्या प्रांतात जन्माला यायचा आहे. लावली होती, हे मला पक्कं आठवत होतं. तरी मी कोट, टोपी, हातमोजे चढवून चार मजले उतरलो, इंजिन गोठू नये म्हणून लावायची वायर खांबावरच्या प्लगात आहे हे हाताने ओढून पाहिलं आणि वर आलो. बघतो तर स्टेफा मासा खात होती. न्याहारीच्या वेळी!

जेवणाचं विचारायला आले होते तेव्हा मी स्वच्छ सांगितलं होतं की हिला मासे चालत नाहीत. रोवेना म्हणाली की तिने स्टेफालाच विचारलं, आणि स्टेफाने मासा मागितला. स्टेफा काही बोलली नाही, कारण तिचं तोंड भरलेलं होतं. आता घरात माशाचा वास मला सहन होत नाही हे खरं, पण माझ्या समजुतीप्रमाणे गोष्ट एकच आहे. मी तडक खालच्या मजल्यावरच्या तक्रारीच्या खिडकीशी गेलो. तिथल्या बाईंना सांगितलं, की तुमची एक नर्स माझ्या बायकोच्या वतीने बोलते. त्या म्हणाल्या, अरे वा. मी म्हटलं, अरे वा नाही, ही तक्रार आहे. तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं, की पेशंटची बाजू लावून धरणं हे नर्सच्या कामातच येतं. पेशंटला बोलवत नसेल, भीती वाटत असेल किंवा (इथे त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं) बोलायला मध्ये फट मिळत नसेल, तर नर्सने मध्ये पडायचं. मी म्हटलं, बाई, हेच काम मी सेहेचाळीस वर्षं बिनपगारी करतो आहे. त्या म्हणाल्या, मग आता थोडी सुट्टी घ्या.

आता दुखण्याच्या आकड्याचं सांगतो. इथे त्यांची पद्धत अशी, की किती दुखतंय ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. मी रोज 'चार' सांगत असे. हवेत सांगत नव्हतो. स्टेफाचा चेहरा मला पाठ आहे. मुलांच्या वेळी, दाढ काढताना, हातावर उकळतं बीटचं सूप सांडलं तेव्हा, चारच्या वर गेलेली मी तिला कधी पाहिली नाही. तर परवा सकाळी डॉक्टर आले. (तरुण आहेत, चांगले आहेत, पण अख्खा वॉर्ड त्यांच्या गळ्यात, त्यामुळे बोलतानाही चालत असतात.) त्यांनी दारातूनच विचारलं, दुखणं कसं आहे? मी म्हटलं, चार. ते म्हणाले, छान, मग आज घरी. मला तर उड्या माराव्याशा वाटल्या, कारण शनिवारी हॉलमध्ये स्पर्धा होती आणि बर्फ पोरासोरांच्या हातात सोडून आलो होतो. तेवढ्यात रोवेना आडवी उभी राहिली, अगदी दारात.

"डॉक्टर, पेशंटने अजून उत्तर दिलेलं नाही."

मी म्हटलं, दिलं की मी. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, सर, गाडीची वायर. आणि ओरिसियाताई, मी गेलो. चीड आली होती, तरी गेलो. वायर होती तिथेच होती. परत येतो तर पलंग जागेवर नाही, पलंगावरची स्टेफाही नाही. तिला पायाची तपासणी करायला नेलं होतं. माझी पाठ वळल्यावर डॉक्टरांनी तिलाच विचारलं, तर तिने छताकडे बघत नऊ सांगितलं. पोटरी कालपासून दुखते आहे, असंही सांगितलं. पोटरीबद्दल मला कोणी काही बोललं नव्हतं. (मी विचारलंही नव्हतं, कारण मोडला होता तो खुबा.) तपासणीत पायात रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टर या वेळी खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, की तीन तास गाडीत पाय दुमडून बसली असती तर ती गुठळी वर फुप्फुसात जाऊ शकली असती, आणि मग रस्त्यात कोणी काही करू शकलं नसतं. आता औषध सुरू केलंय, वेळेत कळलं. मी हो हो म्हटलं. मग बाहेर येऊन कॉफीच्या मशीनमध्ये नाणी टाकली आणि कॉफी न घेताच परत आलो. मला फार भीती वाटली, ओरिसियाताई. अजून वाटते. गाडी मीच चालवणार होतो.

मी स्टेफाला विचारलं, की नऊ होतं तर मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू चार म्हणून झाला होतास.

आज थंडी उतरली आहे, उणे पाच. सकाळी रोवेना आली आणि म्हणाली, सर, गाडीची वायर लावलीत ना? मी उठलो, कोट चढवला, खाली गेलो, गाडीपाशी पोचलो आणि तिथे उभं राहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की उणे पाचला वायर कोणीच लावत नाही. शेजारच्या खांबापाशी माझ्यासारखाच एक म्हातारा हातात वायर धरून विचारात उभा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी जिन्याने वर आलो. पलंगाभोवती पडदा ओढलेला होता आणि आत एक बाई बोलत होती. मला वाटलं खोली चुकली. आवाज ओळखीचा होता, पण इतकं लांब वाक्य त्या आवाजात मी ऐकलेलं नव्हतं. स्टेफा सांगत होती:

"घरी गेले तर तिसऱ्या दिवशी मी चुलीपाशी असेन. तो नको नको म्हणेल, खुर्ची आणून देईल, आणि मी खुर्चीत बसून बटाटे सोलीन. वाईट नाही हो तो. पण मला चालायला शिकायचंय. मला ओरिसियाकडे जायचंय. तिथे मला उत्तर सुचेपर्यंत ती थांबते."

मी पडदा सारला. (चुकून. म्हणजे हात लागला.) आणि जे सुचेल ते बोलत सुटलो. पलंग खालच्या खोलीत आणतो, न्हाणीघरात दांडा बसवतो, सूप मला करता येतं. (हे शेवटचं खरं नाही.) रोवेनाला म्हटलं, तू माझ्या विरुद्ध का आहेस? मी काही परका नाही, मी हिच्या बाजूचाच आहे.

"मी कोणाच्या विरुद्ध नाही, सर," ती म्हणाली. "मीही त्यांच्याच बाजूची आहे. फक्त त्या बाजूला गर्दी झाली आहे. तुम्ही जरा सरका, त्यांना उभं राहू द्या."

मी सरकलो. म्हणजे खरोखरच दोन पावलं मागे सरकलो आणि कचऱ्याच्या डब्यावर आदळलो. स्टेफा हसली. खूप दिवसांनी हसली, आणि मी काही विनोद न करता. तेव्हा ठरलं ते असं: गुठळीचं औषध लागू पडलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की स्टेफा येत्या आठवड्यात तुमच्याकडे येईल आणि बरी चालायला लागेपर्यंत राहील. तुम्हाला चालेल की नाही हे मी गृहीत धरलं होतं, पण सध्या गृहीत धरायची मला धास्ती बसली आहे, म्हणून हे पत्र. तिला मासे चालतात.

बाकी सर्व ठीक. लोभ सहा वर्षांपूर्वी होता तेवढा तरी परत सुरू करावा, ही विनंती.

आपला,
नेस्टर बाबियुक

ता. क. — पत्र पुरं झाल्यावर स्टेफा म्हणाली, की हे सगळं तुम्हाला रोजच्या रोज फोनवर कळतं आहे. मी गाडीकडे गेलो की रोवेना नंबर लावून देते. तुमचा होकारही येऊन गेला, म्हणे. तेव्हा वरचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण पुढचं वाचा.

ता. क. दुसरा — खरं काम हे आहे. मीही तुमच्याकडे आलो तर चालेल का, असं मी स्टेफाला विचारलं. विचारलं, सांगितलं नाही. रोवेना साक्षीला आहे. स्टेफा म्हणाली, "विचार करते." सेहेचाळीस वर्षांत हे उत्तर मला पहिल्यांदा मिळालं आणि त्याचं पुढे काय करायचं असतं हे मला माहीत नाही. मी रोवेनाला बाजूला घेऊन म्हटलं, जरा माझ्या वतीने दोन शब्द टाक. ती म्हणाली, "मी तुमची नर्स नाही, सर." म्हणजे माझ्या वतीने बोलायला आता या जगात कोणी नाही. ओरिसियाताई, तुम्ही बोलाल का? माइकवर बोललात तरी हरकत नाही. मला त्या घरात एकट्याने राहता येणार नाही.

ता. क. तिसरा — ओरिसिया, हा पाकीट आणायला खाली गेलाय, म्हणून मी लिहिते; पत्राची घडीही मीच घालीन. वरचं बरंचसं खरं आहे. त्याला येऊ दे. पण पहिल्या रविवारी नको, दुसऱ्या रविवारी, आणि जेवून येऊ दे. तू त्याला काही कळवू नकोस. मीही अजून सांगितलेलं नाही. आणखी दोन-चार वेळा विचारू दे, फार छान विचारतो.
— स्टेफा