दोन ओळींतली माझीच ठेवा

९ जून, सकाळ
साहेब महिनाअखेरीस निवृत्त होणार. टीमचा नवा प्रमुख तीस तारखेला जाहीर होईल. उमेदवार दोन. मी आणि मितभाषिणी. (नाव मी ठेवलं. ऑफिसात रूढ झालं.) प्रमुखाला बोलता आलं पाहिजे. विषय संपला. बायकोला सांगून टाकलं की झालोच समज. ती म्हणाली, आधी हो, मग मिरव. या घरात दूरदृष्टीचं वावडं आहे.

१० जून
आमचं सॉफ्टवेअर एका रुग्णालयाला अपॉइंटमेंट देतं. आजपर्यंत ज्याची फाइल त्याच्याकडे, असा सुखाचा संसार होता. आता मितभाषिणीनं सगळ्या फाइली एका सामायिक रेपोत, म्हणजे सगळ्यांच्या एकाच कोठारात, टाकल्या. कुणी, कधी, काय बदललं, सगळं नोंदलं जाणार. दोघांनी एकच ओळ बदलली तर यंत्र अडून बसतं, दोन्ही ओळी समोर मांडतं आणि विचारतं, कुठली ठेवू? याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. मला यात लढाईचा वास येतो. आनंद झाला.
संकल्प: एक इंचही मागे हटणार नाही.

११ जून
साहेबांचा नियम: सकाळी आल्यावर आधी इतरांचे बदल आपल्याकडे ओढून घ्या, मग काम करा. पाळणार नाही. दुसऱ्यांचे विचार रिकाम्या पोटी घेऊ नयेत.
शिवाय प्रत्येक बदलाला एक टीप लिहावी लागते. मितभाषिणी लिहिते, ‘तारीख दुरुस्त.’ मी काळाच्या मानवी कल्पनेवर तीन परिच्छेद लिहिले. साहेब म्हणाले, एका वाक्यात लिहा हो. लिहिलं. पूर्णविराम दिला नाही, एवढंच.

१३ जून, दुपार
पहिला कॉन्फ्लिक्ट! तिची ओळ की माझी? माझी. चार सेकंद लागले. संध्याकाळपर्यंत सात झाले. सातही जिंकले.
ती टेबलाशी आली. विचारलं, माझी ओळ वाचलीत का? मी म्हणालो, ओळ वाचायची नसते, त्यामागची भूमिका वाचायची असते. मग वीस मिनिटं भूमिका समजावली. ती उभ्यानं ऐकून निघून गेली. पटलं असणार.

१७ जून
अन्याय! घोर अन्याय! रेपोत प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कुणी बदलली त्याचं नाव दिसतं. फाइली आत टाकल्या तिनं, म्हणून सगळीकडे तिचं नाव. त्यातल्या निम्म्या ओळी मी घाम गाळून लिहिल्यात. आणि साहेब म्हणतात, प्रमुख ठरवताना रेपोसुद्धा बघेन.
दुपारी २.१० ला उपाय सुचला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चार मोकळ्या जागा आहेत. त्या दोन केल्या. यंत्राच्या मते ओळ बदलली. अकरा हजार चारशे ओळी, पंधरा मिनिटं. आता कुठलीही फाइल उघडा, वरपासून खालपर्यंत मीच मी. इतिहास असाच लिहिला जातो.

१८ जून
मी प्रत्येक ओळीला हात लावल्यामुळे मितभाषिणीच्या प्रत्येक बदलाला कॉन्फ्लिक्ट येतोय. आज दोनशे बारा. जेवायलाही उठली नाही. तिच्या कामाचा वेग कमी आहे, हे साहेबांच्या कानावर घातलं. कर्तव्य म्हणून.
बायकोनं विचारलं, आज काय केलंस? म्हणालो, मोकळ्या जागा कमी केल्या. ती म्हणाली, त्या तर घरातही करतोस, पलंगावर पसरून.

२० जून, शुक्रवार
नवी आवृत्ती आज रुग्णालयाला जायची. मितभाषिणीची अर्धा दिवस रजा. साहेब म्हणाले, तीन वाजता ती येईल, मग दोघं मिळून मर्ज करा, म्हणजे दोघांचे बदल एकत्र जोडा. दोघं मिळून! नेता वाट बघत नसतो. दीडला बसलो. एकतीस कॉन्फ्लिक्ट. सुदैवानं एक बटण सापडलं: ‘सगळीकडे माझंच ठेवा’. असं बटण संसारातही हवं.
एका ठिकाणी तिनं अपॉइंटमेंट देण्याआधी ती वेळ रिकामी आहे का, हे तपासलं होतं. केवढा हा अविश्वास! काढून टाकलं. १.४० ला आवृत्ती रवाना.
संकल्प: तीस तारखेच्या भाषणाला आजपासून सुरुवात.

२३ जून, सोमवार, ९.२५
रुग्णालयातून रिसेप्शनच्या बाईंचा फोन. म्हणाल्या, कानाच्या डॉक्टरांच्या दारात चाळीस पेशंट उभे आहेत आणि झाडून सगळ्यांना नऊ दहाचीच वेळ दिलीय. मी शांतपणे म्हणालो, बाई, समानता म्हणतात ती हीच. त्या म्हणाल्या, समानता घाला चुलीत, इथे एक आजोबा चक्कर येऊन पडलेत.
फोन ठेवला. उठून खिडकी उघडली. एसी फार होता.

२३ जून, दुपार
आजोबा बरे आहेत. पाणी आणि खुर्ची मिळाल्यावर उठून बसले म्हणे.
साहेबांनी फाइल उघडली. हे कुणी लिहिलं? प्रत्येक ओळीपुढे माझं नाव. मी म्हणालो, साहेब, खरं सांगायचं तर यातलं बरंचसं तिचं आहे, मी फक्त जागा कमी केल्या. साहेब म्हणाले, मग यात तुमचं असं काय आहे? आणि मितभाषिणीच्या टेबलाकडे गेले.
मितभाषिणीनं माझे सगळे बदल मागे घेतले. पावणेबाराला रुग्णालय सुरळीत. मग आपल्या कामाला लागली. शिव्या दिल्या असत्या तर उत्तर तयार होतं.

३० जून
मितभाषिणी प्रमुख. तिचं भाषण: ‘चला, कामाला लागू या.’ टाळ्या थांबेनात. माझी सहा पानं खिशातच राहिली.
सगळे कामाला लागल्यावर यंत्राला विचारलं, सध्या माझ्या नावावर ओळी किती? शून्य. पुन्हा विचारलं. यंत्र तत्त्वनिष्ठ आहे.
जेवताना बायकोनं विचारलं, महिनाभर नक्की काय केलंस रे? टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. मी तोंड उघडलं. त्यात घास घातला. मग तिनं माझ्या पानात वाढलं आणि दुसरा विषय काढला.