दोन घरचा बोका

तीर्थरूप ताईस, मांडीवर बोका झोपलेला असल्यामुळे बसल्या जागेवरूनच नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे बरे आहेत, आणि बोका तर लेखी पुराव्यानिशी बरा आहे.

या महिन्यात तुझ्याकडे यायचं ठरलं होतं, ते आता जमत नाही. (रागावू नकोस. आधी वाच, मग रागाव.)

झालं असं, की बोक्याने दुपारचं जेवण सोडलं. आपल्या काकू दुसऱ्याच्या स्वयंपाकाकडे बघायच्या तसा तो बशीकडे बघायचा. त्यात पुढच्या डाव्या पायावर टक्कल दिसलं, चौकोनी, आखून काढल्यासारखं. स्वतःचा गुडघा 'होईल आपोआप बरा' म्हणून दोन वर्षं चोळत बसलेले आमचे हे, बोक्याला टॉवेलात गुंडाळून तडक निघाले.

प्राण्यांचा दवाखाना मात्र सुंदर आहे गं. काचेच्या टाकीत मासे, आणि दुपारचं ऊन त्या पाण्यातून येऊन भिंतीवर हलत असतं. एक म्हातारं कुत्रं मालकाच्या बुटावर हनुवटी टेकून झोपलं होतं. मला वाटलं, आपण सगळे कुठल्याशा तळाशी बसलो आहोत आणि वर कुणीतरी हळूहळू होडी वल्हवतंय. (तो सळसळ आवाज बिलं छापणाऱ्या मुलीच्या यंत्राचा होता.) रक्त झालं, फोटो झाला, सोनोग्राफी झाली. हे केस कुणीतरी कापलेत, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या घरात असं कोण करेल, म्हणून हे दुखावले. तेव्हा आमच्या समाधानासाठी टकलाचीही तपासणी झाली. (दोन बाळंतपणांत मिळून मला एवढं कुणी तपासलं नव्हतं.) भाजीवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडणारा हा माणूस बिल बघून थेट पैसे मोजू लागला. आपल्या भेटीची तिकिटं तिथेच बुडाली. रिपोर्ट सगळे उत्तम. वजन तेवढं वाढलेलं.

दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात मागच्या गल्लीतले शिंपीकाका दिसले. शिंपीकाकू गेल्यापासून एकटेच असतात. मांजराचं टॉनिक घेत होते. म्हणाले, आमची छबी सकाळी बशीला तोंड लावत नाही, गेल्या आठवड्यात रक्त काढायला पायावरचे केस भादरले, तरी काही निघालं नाही. मी विचारलं, कुठला पाय? त्यांनी स्वतःचा डावा हात पुढे केला.

छबी, ताई. आपल्या बोक्याला. शिंपीकाकूंना ते घरात छबी म्हणायचे.

माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. "मशीन थांबलं की पायाशी येऊन बसते," ते म्हणाले. "तुमची आहे का?"

"दोघांची आहे," मी म्हटलं.

आता सकाळ आमची, दुपार त्यांची, टॉनिक कुणाचंच नाही. अर्धं बिल देतो म्हणून ते हटून बसले होते. मी नको म्हटलं. (घरी हे कळल्यावर ह्यांनी गुडघा जरा जास्तच जोरात चोळला.)

तुझी,
धाकटी

ता. क. अर्ध्या बिलाऐवजी काका मला ड्रेस शिवून देणार होते. मी सांगून बसले, माझ्या ताईला शिवा, ती येतेच आहे. कागदावर पाठवलेल्या मापावर त्यांचा विश्वास नाही, माणूस समोर लागतो. तेव्हा ये.

आणखी एक. माझी बॅग अजून भरलेलीच आहे. बोका तिच्यावर झोपतो म्हणून उपसत नाही, असं मी ह्यांना सांगते.