मामाने उपटलेलं ताट

आईला, फिनिक्सहून लोमाचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे, वेळेवर जेवतो. मामा परवा येऊन गेला. तो सांगेलच, म्हणून आधीच लिहितो.

तू दिलेला निळा मका डोक्याइतका उंच वाढला आणि वाऱ्याने आडवा झाला. मामाने मक्याचं एक ताट उपटलं. मुळं वीतभरसुद्धा नव्हती.

"रोज पाणी पाजलंस ना? मग मुळं कशाला खाली जातील?" म्हणाला. "मका म्हणजे आपली लेकरं. आपण त्यांना गाणी ऐकवतो आणि पावसाची वाट बघायला लावतो."

कुंपणापलीकडे शेजारी बसतात. त्यांच्यासमोर मक्याला गाणं म्हणायची लाज वाटली, म्हणून पाण्याची नळी हातात धरली.

बाबा शेतात गायचे ते गावापर्यंत ऐकू यायचं. आवाज मला त्यांचाच मिळालाय, हळू गाताच येत नाही.

तुझा,
लोमा