लिंबाचा पहिला नंबर

कोल्हापूर,
रविवार

रा. रा. बाळासो पाव्हणं यांस जोतीरामाचा मनापासून रामराम.

तुमची तब्येत, विहीणबाईंचा गुडघा आणि इचलकरंजीतले तुमचे माग, तिन्ही सुरळीत चालत असावेत. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमची लेक वर्षाराणी तर इतकी खुशाल आहे की हल्ली मला बघितलं की ओढणी तोंडाला लावते. कारण फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही आधी हसता आणि मग ऐकता.

विषय आपल्या नातीचा, अंतराचा. आमच्या कॉलनीत पोरांसाठी लाकडी गाड्यांची शर्यत ठरली. (बैलगाड्यांची नव्हे, वीतभर लांब खेळण्यातल्या गाड्यांची.) प्रत्येकाला लाकडाचा एक ठोकळा आणि चार चाकं मिळाली. मोटर नाही, सेल नाही. घरच्या एका मोठ्या माणसाच्या मदतीनं गाडी घडवायची आणि उतरत्या फळीवरून सोडायची; आधी खाली पोचेल ती जिंकली. बाकीच्या पोरांनी बाप निवडले. अंतरानं मला निवडलं. पाव्हणं, सातवीत कवितेच्या पाठांतराला गुरुजींनी मला उभं केलं होतं, त्यानंतर कुणी असं निवडलं नव्हतं. (लग्नातली निवड वडीलधाऱ्यांनी केली, ती यात धरत नाही.)

आता ठोकळा घासायचा तर हात लयीत चालला पाहिजे, हे तुम्हालाही पटेल. आणि मला लय म्हटली की शाळेतल्या कविताच आठवतात. म्हणून अंतरा आणि तिच्या मैत्रिणींच्या हाती मी पॉलिशपेपर दिला आणि भुजंगप्रयाताच्या चालीवर घासायला लावलं: लगागा, लगागा, लगागा, लगागा. 'ल'ला उजव्या बाजूवर एक आखूड हात, 'गागा'ला डाव्या बाजूवर दोन लांब. अंगण असं घुमायला लागलं की मी पुन्हा वर्गातल्या खिडकीशेजारच्या बाकावर जाऊन बसलो. परत आलो तेव्हा गाडीची डावी बाजू उजवीच्या निम्मी झाली होती. यात दोष वृत्ताचा नव्हे. लाकूड किती उरेल याचा हिशेब करून कुणी कविता लिहीत नाही.

अंतरा म्हणाली, "आजोबा, ही वाकडी पळंल की." मी म्हटलं, पंचगंगा तरी कुठं सरळ जाते. तिला ते पटलं नाही, पण तिनं चाकं बसवायला घेतली. (मोठ्यांचा मान ठेवते, तुमच्या घरचं वळण.)

शर्यतीच्या दिवशी आमच्या सौ. आडव्या आल्या. "नवी गाडी हाय, लिंबावरनं घातल्याबिगार सोडायची न्हाय." मग फळीच्या माथ्यावर गाडीला हळदकुंकू लागलं, पुढच्या चाकाशी लिंबू ठेवलं. खऱ्या मोटारीखाली लिंबू चिरडतं. आमच्या गाडीला ते साधणार नव्हतं. पूजा झाल्यावर लिंबू उचलायचं काम माझ्याकडं होतं. पण ओळीनं उभ्या असलेल्या त्या गाड्या बघून मला ओढ्यावर पाण्याला उतरणारी वासरं आठवली आणि मी त्यांच्याबरोबर ओढ्यात उतरलो. तेवढ्यात अमरसिंहानं (शर्यतीचा पंच, एरवी दूध डेअरीत असतो) गाड्या अडवून धरणारी आडकाठी उचलली.

लिंबू सुटलं. आमची गाडी त्याच्या मागं, पण तिरकी. निम्म्या वाटेत तिनं शेजारच्या राजवीरच्या गाडीला कवेत घेतलं आणि दोघी खाली पोचल्या, पण फळीच्या बाजूनं. लिंबानं मात्र रेघ ओलांडली. अमरसिंह माईकवर म्हणाला, "पैला नंबर लिंबाचा. कुणाची हरकत असंल तर आत्ताच बोला." त्याचा व्हिडिओ अजून कॉलनीच्या ग्रुपवर फिरतो आहे.

अंतरा रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही. घरी येईपर्यंत तिनं माझं बोट धरलं नाही आणि दारात पोचल्यावर म्हणाली, "पुढच्या बारीला मी इचलकरंजीच्या आजोबांना घेणार. ते गात न्हाईत."

पाव्हणं, हे खरं आहे. तुम्ही गात नाही.

असो. विहीणबाईंना नमस्कार सांगा आणि गुडघ्याला ऊन लागू द्या.

आपला व्याही,
जोतीराम

ता. क. पुढची शर्यत दिवाळीच्या सुट्टीत आहे. अंतराचा तुम्हाला फोन येईल. शेडमध्ये कामाचा डोंगर आहे, असं सांगावं. मागांच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही म्हणालात तरी चालेल. तुम्हाला तिकडं तीन नातवंडं आहेत. मला ही एकच आहे.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच अंतरा सांगून गेली की फोन कालच झाला आणि तुम्ही लगेच होय म्हणालात. तेव्हा वरची ता. क. वाचली नाही असं समजावं. येताना भोक पाडायचं मशीन आणा, ठोकळाही तुम्हीच घासा. मलाही तिनं काम दिलं आहे: चाकं रंगवायची, तोंड मिटून. मी कबूल झालो. फक्त, रंगवताना मनातल्या मनात म्हटलेलं चालेल का, एवढं तिला तुम्ही विचारा. तुमचं ती ऐकते.